पाणी येतंय, वर निघा

"एकदा हा डबा झाला ना माला, की मी मरायला मोकळा," सोपानदादा म्हणाले आणि त्यांनी टेबलफॅनचं तोंड जुन्या लॅपटॉपकडे वळवलं.

"भरल्या दुपारी असलं अभद्र बोलू नका हो. आधी डबा उघडू तरी द्या."

एप्रिलचे दिवस होते. निमखेडच्या बाजारात झेरॉक्सच्या दुकानावर आमची एकच खोली. वर पत्रे, खाली आम्ही दोघं भाजत बसलेलो. माझ्यापुढं नवाकोरा लॅपटॉप, त्यांच्यापुढं त्यांचा जुना, बॅटरी फुगून पाठीला पोक आलेला. खालून वारा लागावा म्हणून तो दोन विटांवर ठेवलेला असे, नाहीतर तापून पटकन डोळे मिटायचा. आणि तिळवण नदीच्या पात्रात राहणाऱ्या सात वाड्यांचा जीव त्या दोन विटांवरच्या लॅपटॉपवर अवलंबून होता. 

आमच्याकडची नदी दिवाळीनंतर आटते. मग भोयांची घरं पात्रात उतरतात, वाळूत आळी करून टरबुजं लावतात आणि वेलांशेजारीच कोपी घालून पाऊस येईपर्यंत तिथं राहतात. वर धरण आहे. उन्हाळ्यात खालच्या शेतीसाठी त्यातून नदीत पाणी सोडतात. आता तर निरोप येतो, पण पूर्वी कोणी कोणाला विचारत नव्हतं. पाणी यायचं ते सरळ समोरून येत नाही. आधी काठालगतचा खोल ओघळ भरतो आणि मधल्या वाळूवरचा माणूस, आजूबाजूला सगळं कोरडं दिसत असताना, अडकून बसतो. सोपानदादांचे वडील असेच गेले. तेव्हा दादा कॉलेजात होते.

त्या माणसानं पुढं पुण्यात चांगली नोकरी केली आणि एक दिवस ती सोडून ते निमखेडला परत आले. लोकांनी वेड्यात काढलं. दादांनी एक प्रोग्रॅम लिहिला. धरणाच्या ऑफिसातून पाणी सोडण्याचा मेल आला की प्रोग्रॅम तो वाचायचा, कुठल्या वाडीला पाणी किती वाजता पोचेल त्याचा हिशेब लावायचा आणि त्याच्या दोन तास आधी त्या वाडीतल्या सगळ्या फोनवर फोन करायचा. उचलला की दादांच्याच आवाजात दोन वाक्यं. "पाणी येतंय. वर निघा." परत एकदा, "पाणी येतंय. वर निघा." आणि फोन बंद. लोक त्याला 'पाण्याचा फोन' म्हणत.

"दोनच तास आधी का हो?" मी नवी असताना विचारलं होतं.

"आधी सांगून बघितलं. सकाळी सांगितलं की माणूस म्हणतो, हॅ, अजून लई वेळ आहे, आणि आडवा होतो. दोन तासात फळं भरून निघता येतं, आणि झोपता येत नाही."

तर असा हा प्रोग्रॅम चालायचा फक्त दादांच्या लॅपटॉपवर. मी माझ्याकडे चालवायला घेतला की तो नुसता बोंबलायचा, हे नाही, ते नाही, हे जुनं आहे, ते फार नवं आहे. दादा म्हणायचे, "माझ्याकडे तर चालतो." आमच्या धंद्यातलं हे सगळ्यात कुचकामी वाक्य. शेवटी बॅटरीनं पोक काढलं तेव्हा त्यांचे डोळे उघडले आणि आम्ही कंटेनर करायला घेतला. आम्ही त्याला डबाच म्हणायचो. प्रोग्रॅमला जे जे लागतं ते सगळं एका डब्यात भरायचं, आणि डबा कसा भरायचा त्याची कृती एका फाइलीत लिहून ठेवायची. मग कुठल्याही लॅपटॉपवर प्रोग्रॅम लिहायचा एडिटर उघडला की तो ती कृती वाचतो, डबा भरतो आणि प्रोग्रॅम त्या डब्यात नेऊन बसवतो. घरचा डबा कुठंही उघडा, चव घरचीच.

दादा सांगत गेले, मी कृती लिहीत गेले. ही लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड, तिची ही आवृत्ती, टेलिफोन कंपनीच्या यंत्राशी बोलणारा हा तुकडा. एडिटरनं खालच्या कोपऱ्यातून विचारलं, कंटेनरमध्ये उघडू का? मी होय म्हटलं. ओळीमागून ओळी पळाल्या आणि मध्येच लाल झाल्या. दादांनी कपाळाला हात लावला. एक आवृत्ती बदलली, पुन्हा लाल. असं करत करत उन्हं कलली, आणि एकदाचं कोपऱ्यात डब्याचं नाव उमटलं.

"लाव चाचणी," दादा म्हणाले.

चाचणीत फक्त आमचे दोन नंबर होते आणि फोन तडक लागायचा. टेबलावर दोन्ही मोबाइल थरथरले. मी कानाला लावला. पाणी येतंय, वर निघा. समोर दादा गप्प बसलेले आणि कानात तेच बोलतायत, मला हसूच आलं.

"दोनदाच का सांगता हो?"

"यंत्र आहे ते. यंत्रानं आपलं काम सांगावं नि गप बसावं."

"आणि समजा मेल नाही आला, पण आपल्याला कळलं पाणी सुटलंय, तर हातानं फोन लावायचं बटण कुठंय?"

"नाही ठेवलं."

"का?"

त्यांनी पंखा बंद केला. मग पत्र्याखालच्या त्या शांततेत म्हणाले, "आईला शब्द दिलाय."

त्यांची आई गिरजाबाई, सगळ्या वाड्यांची गिरजाआत्या. नवरा ज्या पात्रात गेला तिथंच दर साली टरबुजं लावायची. दादांनी बाजारपेठेत दोन खोल्या घेतल्या होत्या, पण ती यायला तयार नव्हती. "फरशीवर मला झोप येत न्हाई," एवढंच तिचं म्हणणं. एका साली दादांनी काय करावं? धावत पात्रात गेले आणि म्हणाले, आई, पाणी सुटलंय, चल. म्हातारी अंगावरच्या लुगड्यानिशी निघाली. पाणी सुटलंच नव्हतं. ती घरी आली की तिचं मन वळवू, असा त्यांचा बेत. दोन दिवसांनी ती परत गेली तोवर रानडुकरांनी सगळी वाडी उकरून ठेवली होती.

"ती ओरडली नाही," दादा म्हणाले. "ओरडली असती तर बरं झालं असतं. मला ओघळापाशी नेलं, हातात पाणी दिलं आणि म्हणाली, इथं तुझा बाप गेला. त्या पाण्याच्या नावानं तू माझ्याशी खोटं बोललास. आता तुझ्या तोंडचं मी ऐकणार न्हाई. तुझ्या त्या मशीनचं ऐकीन. पण त्यात खोटं घालणार न्हाईस म्हणून शपथ घे."

शपथ घेतली आणि त्यांनी प्रोग्रॅमला कुलूप घातलं. धरणाचा मेल असेल तरच फोन जाईल, आणि मेलवरच्या वेळेला कोणाला हात लावता येणार नाही. खुद्द त्यांनाही नाही.

दुसऱ्याच दिवशी जुना लॅपटॉप विटांवरून उठलाच नाही. दादांनी त्याला कोपऱ्यात नेऊन ठेवला, वर फडकं टाकलं. "वेळेवर डबा झाला बघ," म्हणाले. ते किती दिवसांनी असे निवांत दिसत होते!

त्याच आठवड्यात धरणाचा मेल आला. दुपारी बाराला पाणी सोडणार. नव्या लॅपटॉपवर, डब्याच्या आत, प्रोग्रॅमनं तो वाचला आणि यादी दाखवली. सगळ्यात वरची वाडी गिरजाआत्याची. पाणी पोचणार चारच्या सुमाराला, फोन जाणार दोनला. मग खालच्या वाड्या ओळीनं. सगळं बरोबर. दादांनी भाकरी सोडली, मला ठेचा दिला. त्यांचा स्वतःचा नंबर आईच्याच वाडीत घातलेला असे, तिचा फोन वाजला की यांचाही वाजावा म्हणून. तो फोन त्यांनी पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा ठेवला आणि आम्ही जेवलो.

दोन वाजले. फोन वाजला नाही.

"रेंज नसेल," मी म्हटलं.

रेंज होती. त्यांनी फोन उचलून पाहिला, परत ठेवला. मी हात धुऊन आले तरी तो गप्पच. यादीवर अजून लिहिलेलं होतं, पुढचा फोन दोन वाजता. दादा पुढं झाले, एडिटरमधली काळी खिडकी उघडली आणि त्यांनी डब्यालाच विचारलं, किती वाजले?

डबा म्हणाला, सकाळचे आठ चाळीस.

मला आधी कळलंच नाही. दादांना कळलं. त्यांचा चेहरा असा काही उतरला की मी खुर्चीची पाठ धरली.

"साडेपाच तास," ते म्हणाले. "जगाच्या ठरीव घड्याळात आत्ता आठ चाळीस झालेत. माला, आपण त्याला तो कुठं आहे हे सांगितलंच नाही."

सगळं भरलं होतं हो डब्यात. लायब्रऱ्या भरल्या, आवृत्त्या जुळवल्या. घड्याळ कोण भरतं? दादांच्या लॅपटॉपला विकत घेतल्या दिवसापासून ठाऊक होतं की तो हिंदुस्तानात आहे. डब्याला कोणी सांगितलं नाही, तर तो जगाच्या ठरीव वेळेवर चालतो. आणि चाचणीत फोन तडक लागायचा, त्यामुळे घड्याळाकडे बघायची वेळच आली नव्हती. डब्यातली दोनची वेळ संध्याकाळी साडेसातला होणार होती. पाणी चारला.

"मेलवरची वेळ मागं घालू या!"

"कुलूप आहे."

"मग कुलूप काढा की!"

"ते काढायचं तर अख्खा प्रोग्रॅम उसवावा लागेल. त्यापेक्षा घड्याळ लवकर नीट होईल." ते बोलता बोलता कृतीत ओळ घालत होते. पण त्या लहानशा डब्यात देशोदेशींची घड्याळंच नव्हती, ती नेटवरून उतरवायला हवी होती, डबा नव्यानं भरायला हवा होता. आणि आमचं नेट म्हणजे बैलगाडी. डाउनलोडची पट्टी हलेना.

दादांनी फोन उचलला आणि आईला लावला. स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

"आई, पाणी सुटलंय. निघ."

"जेवलास का?" गिरजाआत्याचा आवाज आला.

"आई, ऐक. बाराला सुटलंय. चारला तिथं येईल. आत्ता ऊठ."

"मशीनचा फोन न्हाई आला."

"मशीनचं घड्याळ चुकलंय."

पलीकडं मग ती हसली, पण त्या हसण्यात हसू नव्हतं. "सोपाना, औंदा बेत बदललास व्हय? मागल्या खेपेला पाणी, या खेपेला घड्याळ."

"तुझ्या पाया पडतो..."

"लेका, आपलं ठरलं होतं, तुझं न्हाई, मशीनचं ऐकायचं. आता मशीनचं नको, माझं ऐक म्हणतोस. म्हातारीनं जावं कुठं? वेल फळांनी लगडल्यात. मशीनचा आला की निघते." आणि तिनं फोन ठेवला.

आता मी माझ्या फोनवरून खालच्या वाड्यांना लावत होते. पहिलाच जण म्हणाला, "दादांच्या हापिसातून बोलताय? निघतो की. पर आत्या निघाली का?" दुसरीनं तेच विचारलं. तिसऱ्यानं तर सांगूनच टाकलं, "आत्याची कोपी वरल्या अंगाला हाय, दिसते आमाला. ती हालली की आमी हाललो. ती जाग्यावर हाय, आन् तुमी म्हनता पानी?"

मी दादांकडे पाहिलं. त्यांना ऐकू गेलं होतं. म्हणजे आता एकट्या म्हातारीचा प्रश्न नव्हता. ती उठली तर सात वाड्या उठणार होत्या.

गाडी काढून जावं तर तासभर वाट आणि पुढं वाळू तुडवायची. रेकॉर्ड केलेला आवाज टेलिफोन कंपनीच्या यंत्रावर चढवलेला, आमच्याकडं त्याची प्रत नव्हती. पट्टी अर्ध्यावरही आली नव्हती.

दादांनी माझ्यापुढं हात केला. "तुझा फोन दे."

"नंबर माझा दिसेल त्यांना."

"तिला वाचता येत नाही. माझ्या नंबराची रिंग तेवढी वेगळी लावलीय. आवाज ओळखते ती."

ते काय करणार ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं. ते उभे राहिले. पंखा बंद केला. दोनदा श्वास घेतला, पाणी प्यायले. फोन लावला. पलीकडून "आं?" असं आलं, आणि सोपानदादा, ज्यांनी दोन मिनिटांपूर्वी आईची विनवणी केली होती, ते सपाट, कोरड्या, कोणाचंच नसलेल्या आवाजात बोलले.

"पाणी येतंय. वर निघा."

"कोन, मशीन का?" आत्या म्हणाली.

यंत्र उत्तर देत नाही. दादांनी डोळे मिटून घेतले.

"पाणी येतंय. वर निघा."

आता ठेवायचा होता. यंत्र इथं थांबतं. पण त्यांचा अंगठा काही हलेना. पलीकडं वाऱ्याचा आवाज येत होता आणि आत्या श्वास घेत होती, तो मलाही ऐकू येत होता. दादांच्या गालावरून पाणी ओघळलं. त्यांचे ओठ पुन्हा हलले आणि त्याच सपाट आवाजात, फक्त शेवटाला जरा चिरकून, ते म्हणाले, "पाणी येतंय. वर निघा."

आणि त्यांनी फोन तोडला. ती काय म्हणते ते न ऐकता. ऐकलं असतं तर ते यंत्र राहिले नसते.

"तिला परत लावून विचारू का, निघाली का म्हणून?" मी म्हटलं.

"नको. परत फोन गेला की तिला संशय येईल. गाडीची किल्ली घे."

डबा भरत होता तसाच सोडून आम्ही निघालो.  मी मागं बसून एकेका वाडीला फोन लावत होते आणि वाऱ्यात काही ऐकू येत नव्हतं. मी नास्तिक बाई, पण त्या दिवशी मी आठवतील तेवढ्या देवांना हाका मारल्या.

काठावर पोचलो तेव्हा आधी मला माणसं दिसली. बाभळीखाली बोचकी, कोंबड्यांच्या पाट्या, पोरंबाळं, शेळ्या. खालच्या वाड्यांतली माणसं अजून वाळूतून येत होती, पण येत होती. आणि एका दगडावर, मांडीवर तवा आणि कोयता घेऊन, गिरजाआत्या बसलेली. दादांनी गाडी उभी केली नाही, सोडूनच दिली. ती आडवी पडली.

ते आईपुढं जाऊन उभे राहिले. तिनं त्यांच्याकडं पाहिलं नाही. ती नदीकडं बघत होती.

पाणी आलं. आवाज आधी आला, कोरडा पाचोळा सरकावा तसा. ओघळ बघता बघता भरला, मग मधली वाळू काळी पडली, मग दिसेनाशी झाली. कोप्या बसल्या. दोन तासांत पिकली फळं तरी वर आणता आली असती. या खेपेला कोणाला एक फळही आणता आलं नाही. हिरवी टरबुजं वेलांसकट सुटून वाहत निघाली. एक बाई मोठ्यानं रडायला लागली, आणि मग कोणीच तिला गप्प केलं नाही.

आणि नेमके तेव्हाच काठावरचे सगळे फोन एकदम वाजले. निमखेडला डबा भरून झाला होता. घड्याळ ताळ्यावर आलं होतं आणि प्रोग्रॅमनं राहिलेले फोन एका दमात लावले होते. बाभळीखाली पंचवीस-तीस ठिकाणांहून सोपानदादांचा आवाज आला. पाणी येतंय. वर निघा. पाणी समोरून चाललं होतं.

"आत्ता वाजतोय व्हय हा?" एक माणूस दादांच्या अंगावर आला. "सोंग हाय का हे? माझी पोरं खाली होती!"

दादांनी तोंड उघडलं, पण त्याआधी गिरजाआत्या दगडावरून बोलली. "गप रं. माझी वाडी सगळ्यात वर. मला मशीनचा फोन वक्तावर आला. त्यावरच मी उठले आन् मला बघून तुमी उठलात. तुमचा जरा रेंगाळला असंल. जीव हाय न्हवं सगळ्यांचा?"

माणूस मागं सरला. दादांनी उघडलेलं तोंड मिटलं. त्यांचा चेहरा मला बघवला नाही.

त्यांनी आईला घरी आणलं. त्या खुराड्यासारख्या दोन खोल्यांत ती पाऊस येईपर्यंत राहिली, आणि दादा ऑफिसात मान खाली घालून बसू लागले. घरोघर जाऊन त्यांनी लोकांपाशी घड्याळाची चूक कबूल केली, आईला आपणच फोन केला एवढं सोडून. लोकांनी शिव्या दिल्या आणि मग चहाही दिला. कृतीत अगदी वरती त्यांनी घड्याळाची ओळ आणली, सगळ्या लायब्रऱ्यांच्याही आधी. आणि फोन हातानं लावायचं बटणही ठेवलं, पण ते दाबायला आम्ही दोघंही लागायचो, एकट्याला चालायचं नाही. एवढं सगळं केलं तरी माणूस काही मोकळा होईना.

"अहो, जिवंत आहेत ना त्या?" एकदा मी चिडून म्हटलं.

"आहे. म्हणून तर माझं तोंड बंद आहे." त्यांनी लॅपटॉप मिटला. "मी पाया पडलो तेव्हा ती हसली, माला. यंत्र बोललं तेव्हा उठली. एकदा खोटं बोललो, त्याची ही शिक्षा. माझ्या आईला माझ्यापेक्षा माझं यंत्र जवळचं. मीच केलेलं आहे, तक्रार कोणाकडं करू?"

मी खाली जाऊन दोन चहा सांगून आले.

दिवाळी झाली, नदी आटली, आणि गिरजाआत्या लुगडं खोचून परत पात्रात उतरली. कोणी काही म्हणालं नाही. माघात तिचा फोन बिघडला म्हणून नवा द्यायला आम्ही गेलो. दादा ओघळापलीकडच्या कोपीत कोणाचा तरी फोन बघायला थांबले. मी आत्यापाशी वाळूत बसले. ती आळ्यात शेणखत घालत होती, एकेक मूठ.

मला राहवलं नाही. "आत्या, त्या दिवशीचा फोन मशीनचा नव्हता," मी म्हटलं. "माझ्या फोनवरून..."

"ठावं हाय मला."

माझा हात वाळूतच राहिला.

"माझ्या पोटचं हाय ते. मशीनमधनं बोललं काय आन् घशातनं बोललं काय, मला कळत न्हाई व्हय?"

"मग काठावर तुम्ही म्हणालात, मशीनचा फोन आला..."

"न्हाईतर काय म्हणायचं होतं? मशीन झोपलं, म्हणायचं? मग पुढल्या साली त्या फोनावर उठलं असतं का कोण?" तिनं हात झटकले. "लोकांचा भरवसा उडाला की संपलं. माझ्या मालकाच्या टायमाला भरवसा ठेवायला कायबी नव्हतं."

"पण मग तुम्ही उठलात कशावर? दादा स्वतः सांगत होते तेव्हा तर ठेवून दिलात फोन."

 तिनं पलीकडं पाहिलं. ओघळाच्या कडेला दादा वाकून एका म्हाताऱ्याला काहीतरी समजावत होते.

"मशीन दोनदा सांगतं आन् ठेवतं," ती म्हणाली. "इतकी सालं ऐकते मी. दोनदा. त्या दिवशी तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा कोण सांगतं गं? ज्याचं कोणी खाली असतं तोच सांगतो. तवाच समजले, ह्यो खरं बोलतोय."

"हे तुम्ही दादांना कधी सांगितलं नाहीत?"

"त्यानं कुठं इचारलं?" आणि ती पुढच्या आळ्याकडं सरकली.

परतताना गाडीवर मी ते जसंच्या तसं दादांच्या कानात सांगितलं. त्यांनी गाडी हळू केली, मग रस्त्याच्या कडेला घेतली आणि बंद केली. उतरले नाहीत, मागं वळले नाहीत. नुसते हँडल धरून बसले. त्यांची पाठ हलत होती. मी दुसरीकडं बघत राहिले. मग त्यांनी शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं आणि किक मारली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात आले ते सरळ पंखा बंद करून उभे राहिले. "दार लाव," म्हणाले, "नवं रेकॉर्डिंग करायचंय."

त्याला कितीतरी वर्षं झाली. मी पुण्यात आले, माझ्या हाताखाली मुलं काम करतात, डबे भरतात. डब्यात पहिल्यांदा घड्याळ घाला म्हणून मी त्यांच्यामागं लागते आणि ती पाठीमागं माझी चेष्टा करतात. करोत. गिरजाआत्या आता नाही, आजारपणात घरीच गेली, फरशीवर. दादा निमखेडलाच आहेत. माझा नंबर अजून त्यांच्या यादीत आहे, वरच्या वाडीत, मीच काढू देत नाही. त्यामुळे उन्हाळ्यात कधीतरी भर मीटिंगमध्ये माझा फोन वाजतो, मी उठून बाहेर जाते आणि कानाला लावते.

पाणी येतंय. वर निघा.

पाणी येतंय. वर निघा.

पाणी येतंय. वर निघा.